माऊस कोणाच्या हातात?

कोल्हापूर जिल्ह्यात गावोगाव प्राथमिक शाळांच्या भिंतींवर ‘डिजिटल शाळा’ अशी ठळक अक्षरे रंगवलेली दिसतात. खाली देणगीदारांची यादी असते. कोणी एलईडी टीव्ही दिला, कोणी प्रोजेक्टर दिला, कोणी इन्व्हर्टर दिला. उद्घाटनाला पुढारी येतात, नारळ फुटतो, फीत कापली जाते, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. आम्हाला या सोहळ्यांचे वावडे नाही. गोरगरीब बहुजनांची लेकरे ज्या शाळेत शिकतात त्या शाळेत टीव्ही आला, संगणक आला तर आम्हाला आनंदच आहे. पण त्या फोटोत एक गोष्ट कधीच दिसत नाही. पाहुणे निघून गेल्यावर संगणकासमोरच्या खुर्चीवर कोणते मूल बसते? आणि कोणते मूल पाठीमागे उभे राहून नुसते बघते?

एवढ्याशा खुर्चीवरून एवढा कांगावा कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणणाऱ्यांनी बाबासाहेबांच्या शाळकरी आयुष्यातला एक प्रसंग आठवावा. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी भीमरावाला गणित सोडवण्यासाठी फळ्याजवळ बोलावले. वर्गात एकच गलका झाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्याच्या मागे ठेवलेले असत. अस्पृश्याच्या पोराने फळ्याला हात लावला तर डबे बाटतील म्हणून मुलांनी धावत जाऊन आधी आपापले डबे उचलले, आणि मग भीमराव फळ्यापर्यंत पोहोचला. चरित्रकार धनंजय कीर यांनी हा प्रसंग नोंदवला आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तो ऐकलेला आहे. आपण तो अस्पृश्यतेची कथा म्हणून सांगतो. आम्ही आज तो वेगळ्या कारणाने सांगत आहोत. फळा हे त्या काळातले वर्गातले तंत्रज्ञानच होते. खडू सरकारी, फळा सरकारी, शिक्षक सरकारी पगारावर. साधन हजर होते, पण त्या साधनापर्यंत चालत जाण्याची वाट जातीने अडवलेली होती. आता त्या फळ्याच्या जागी स्मार्टबोर्ड आला आहे. वाट मोकळी झाली आहे का, हे तपासायचे कोणी?

कोल्हापूरकरांनी तरी हे तपासलेच पाहिजे. कारण शाळेचे दार उघडणे आणि शाळेच्या आतली वाट उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे देशात सर्वांत आधी ओळखणाऱ्यांत याच मातीतला राजा होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. एवढ्यावर ते थांबले असते तरी इतिहासाने त्यांचे नाव घेतलेच असते. पण दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांबरोबर एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. पहिल्या कायद्याने मूल शाळेत आले. दुसऱ्या हुकुमाने ते इतरांच्या शेजारी बसले. त्याच्याही आधी, १९०८ साली, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले होते, कारण राहायला छप्पर नसेल तर शाळेचे दार उघडे असूनही उपयोग नाही हे महाराजांना कळत होते. आणि हे सारे करताना महाराजांनी दंडाची सक्ती पालकावर ठेवली, तशी फी माफ करून खर्चाची सक्ती स्वतःच्या सरकारवर घेतली. गावातल्या धनिकाच्या मर्जीवर त्यांनी काही सोडले नाही.

आजच्या ‘डिजिटल शाळे’चा पाया मात्र लोकसहभाग हा आहे. २०१५ साली राज्य शासनाने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम सुरू केला. त्यानंतर शाळा डिजिटल करण्याची राज्यभर चढाओढ लागली आणि त्यातला मोठा वाटा गावकऱ्यांनी, माजी विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी स्वतःच्या खिशातून उचलला. त्या दानशूरांचे आभार मानायलाच हवेत. पण दान आणि हक्क यांत फरक असतो, आणि तो आपल्या समाजाइतका कोणाला कळणार? ज्या गावात बागायत आहे, साखर कारखाना आहे, मुंबई-पुण्यात पैसा कमावणारी मंडळी आहेत, त्या गावच्या शाळेला टीव्ही मिळतो. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या डोंगरातल्या धनगरवाड्यावर देणगीदार कुठून येणार? २००९ चा शिक्षण हक्क कायदा उघडून पाहा. शाळेत काय काय असले पाहिजे याची अनुसूची त्यात आहे. पक्की इमारत, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, क्रीडांगण, ग्रंथालय, अध्यापन साहित्य, सारे आहे. संगणक हा शब्द त्यात नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत तो अजून हक्क नाही. तो भेटवस्तू आहे. आणि भेटवस्तू देणाऱ्याचे नाव भिंतीवर येते, घेणाऱ्याने फक्त टाळ्या वाजवायच्या असतात.

तंत्रज्ञानाची पहिली मोठी भेट या जिल्ह्याला मिळाली ती १९९८ साली. वारणा वायर्ड व्हिलेज हा प्रकल्प जुन्या वाचकांना आठवत असेल. वारणानगर परिसरातली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावे संगणकाने जोडायची, गावात बसून शेतीची, आरोग्याची, सरकारी कामाची आणि शिक्षणाची माहिती मिळवायची, असा तो घाट होता. दिल्लीपर्यंत त्याचा गाजावाजा झाला. निम्मा पैसा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा आणि १० टक्के वारणेच्या सहकारी संस्थांचा. म्हणजे ९० टक्के पैसा जनतेचा, त्यात ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्या मजुराचाही.

मग त्या संगणकांनी काय केले? उसाचा हिशेब केला. कोणत्या सभासदाच्या उसाला तोड कधी, टनेज किती भरले, खत किती उचलले, बिल किती निघाले. हे काम त्यांनी चोख केले आणि ऊस उत्पादकाचे हेलपाटे वाचले हे मान्यच केले पाहिजे. आरोग्य, शिक्षण ही बाकीची स्वप्ने बहुतेक कागदावरच राहिली. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन शाखेतले लोक वारणेला आले. त्यांनी बघितले की संगणक जे काम करतो ते साध्या मोबाईलच्या एसएमएसवर होऊ शकते, आणि ७ गावांत ८ महिने तसे करूनही दाखवले. म्हणजे काही वर्षांपूर्वी ज्या यंत्राला ग्रामीण भारताचे भविष्य म्हणून मिरवले होते, त्याचे काम खिशातल्या फोनवर आले. कारण काम एकच होते, उसाचे.

या गोष्टीत दोष वारणेचा नाही. संगणक गावात आला तेव्हा गावात जी सत्ता होती, जो पैसा होता, ज्यांची संस्था होती, त्यांच्या कामाला तो लागला. ज्याच्या नावावर ऊस त्याला संगणकाचा उपयोग. ज्याच्या नावावर काहीच नाही त्याचे नाव संगणकात येईल कशाला? बंगळूरच्या त्या संशोधन शाखेच्या संस्थापकांपैकी एक होते केंटारो टोयामा. अशा अनेक प्रयोगांनंतर त्यांनी २०१५ साली एक पुस्तक लिहिले आणि संगणकशास्त्रज्ञ असूनही स्वच्छ सांगितले की तंत्रज्ञान समाज बदलत नाही, समाजात जे आधीच आहे ते मोठे करते. ध्वनिक्षेपकासारखे. गाणारा सुरेल असेल तर गाणे लांबवर जाते, शिव्या देणारा असेल तर शिव्या लांबवर जातात. आता हा नियम जातिव्यवस्थेला लावून बघा. ज्या समाजात आधीच उतरंड आहे, त्या समाजात यंत्र आले तर आपोआप कोणाचा आवाज मोठा होईल?

याच संशोधकांचा दुसरा एक प्रयोग आम्हाला फार बोलका वाटतो. त्यांनी ग्रामीण शाळांतले संगणक पाहिले. एका संगणकाभोवती चार-पाच, कधी त्याहून जास्त मुले कोंडाळे करून बसलेली आणि माऊस एकाच्याच हातात. बाकीची नुसती बघणारी. त्यांनी काय करावे? एकाच संगणकाला अनेक माऊस जोडले आणि पडद्यावर प्रत्येक मुलाला वेगळ्या रंगाचा बाण दिला. उपाय स्वस्त आणि साधा. पण ज्या एकाच्या हातात माऊस होता तो मुलगा कोण होता, हे आम्हाला विचारायचे आहे. हे सांगायला आम्हाला संशोधकाची गरज नाही. गेल्या काही वर्षांत आम्ही जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांत जाऊन बसलो आहोत. माऊस धरणारा बहुधा मुलगा असतो, मुलगी नसते. त्याच्या घरी मोबाईल किंवा लॅपटॉप आधीपासून असतो म्हणून त्याचे बोट अडखळत नाही. त्याचा बाप शाळेच्या देणगीदारांच्या यादीत असतो किंवा सोसायटीत, दूधसंस्थेत असतो. आणि बौद्धवाड्यातली, मातंग वस्तीतली पोर मागच्या ओळीत टाचा उंचावून बघत असते. तिला कोणी हाकलत नाही. कोणी जात काढत नाही. गुरुजी तर फार भले असतात. ते म्हणतात, “ज्याला येतंय त्याला करू दे, बाकीच्यांनी बघून शिका.” डबे उचलायची आता गरजच उरलेली नाही.

म्हणून आपण यंत्राला विरोध करायचा का? मुळीच नाही. हा घोटाळा आपल्याकडे काही मंडळी करतात. खादी आणि चरखा डोक्यात घेऊन ‘पाटी-पेन्सिलच बरी’ म्हणतात. त्यांची स्वतःची नातवंडे इंटरनॅशनल स्कूलमध्ये असतात हा भाग सोडा. बाबासाहेबांनी ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?’ या १९४५ च्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना यंत्रांबद्दल रोखठोक भूमिका घेतली आहे. यंत्रयुगाने काही अनर्थ झाले असतील तर दोष यंत्राचा नाही, ज्या समाजरचनेत यंत्राचा लाभ मूठभरांच्या मालकीचा होतो त्या रचनेचा आहे, असा त्यांचा मुद्दा होता. यंत्र मोडू नका, रचना बदला. माणसाला राबण्यातून सवड मिळाली तरच तो विचार करील, वाचील, संस्कृती घडवील, आणि ती सवड यंत्राशिवाय मिळणार नाही, हेही त्यांनी तिथेच सांगितले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना फक्त राबवले गेले त्या समाजाच्या नेत्याला सवडीची किंमत बरोबर कळली होती. तेव्हा आंबेडकरी माणूस यंत्राचा शत्रू असूच शकत नाही. त्याने फक्त मालकी विचारायची असते.

रचना न बदलता यंत्रावर भिस्त ठेवली की काय होते ते आपण करोनात डोळ्यांनी पाहिले. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागले आणि ‘शाळा बंद पण शिक्षण चालू’ अशी घोषणा आली. ग्रामीण महाराष्ट्रात पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या लेकराने दीड वर्ष वर्ग कसा असतो ते पाहिले नाही. त्याआधीच्या, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी फक्त ४.४ टक्के घरांत संगणक होता आणि सुमारे १५ टक्के घरांत इंटरनेट. हे आकडे सरकारचेच, सरकारच्या टेबलावर होते. तरी शिक्षण ऑनलाइन झाले. २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आदींनी १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांतल्या सुमारे १,४०० मुलांची पाहणी करून घेतली. खेड्यांतल्या दलित-आदिवासी मुलांपैकी नियमित ऑनलाइन शिकणारी मुले ४ टक्के निघाली. त्याच खेड्यांतल्या इतर मुलांत हे प्रमाण १५ टक्के होते. वस्ती गरीब, शाळा बंद, रोग सगळ्यांना सारखा. तरी फरक जवळजवळ चौपट. ज्यांना ‘आता कुठे राहिली जात’ असे म्हणायची सवय आहे त्यांनी हा आकडा भिंतीवर चिकटवावा.

त्या काळात आमच्या ओळखीतल्या एका माउलीने शेळी विकून मोबाईल घेतला. घरात मुले तीन, मोबाईल एक. तास एकाच वेळी. मोठा मुलगा दहावीत म्हणून फोन त्याला. धाकट्या दोघी मुली शेतात आईच्या मदतीला. आता परिस्थिती बदलली म्हणतात, आणि ते खोटे नाही. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण अहवालात १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो असे आढळले. पण त्याच अहवालात आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरणारी मुले ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के होती. स्वतःचा फोन असणारी मुले ३६ टक्के, मुली २७ टक्के. तेव्हा फोन घरात आला म्हणजे शिक्षण घरात आले असे समजायचे कारण नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने तर २०२२ मध्ये संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवण्याचा निर्णय घेतला, मुलांनी वाचावे म्हणून. त्या गावाचे आम्हाला कौतुक वाटते.

परदेशातूनही तेच कानावर येते. पेरू देशाने गरीब मुलांना लाखो स्वस्त लॅपटॉप वाटले. २०१२ साली त्याचे मूल्यमापन झाले तेव्हा गणितात आणि भाषेत मुले पुढे गेल्याचे दिसले नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या खैराट गावात तसलेच छोटे लॅपटॉप २००७ मध्ये आले होते आणि वर्तमानपत्रांनी गाव डोक्यावर घेतले होते. आज खैराटचे नाव किती जणांना आठवते?

मग चांगले काय घडले? घडले आहे, आणि तेही सांगितले पाहिजे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी. त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घातले, पुढे राज्याने ती कल्पना उचलली, आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तिथे कल्पना वर्गातल्या शिक्षकाला सुचली होती, वरून उतरलेली नव्हती. दिल्लीतही एक प्रयोग झाला. सहावी ते नववीच्या गरीब मुलांना शाळेनंतर रोज संगणकावर असा अभ्यास दिला की जो मुलाला खरोखर जेवढे येते तिथून सुरू होतो. आठवीच्या मुलाला पाचवीची बेरीज-वजाबाकी येत नसेल तर संगणक त्याला तिथूनच विचारतो. जोडीला छोट्या गटाला शिकवणारा माणूस होता. साडेचार महिन्यांत मुलांनी गणितात आणि हिंदीत ठळक प्रगती केली. २०१९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आम्हाला त्यात एक गोष्ट मोलाची वाटते. त्या संगणकाने मुलाला आडनाव विचारले नाही. चुकले तर ‘तुमच्यातल्यांना कुठे जमतंय’ असे म्हटले नाही. दहा वेळा चुकले तरी अकराव्यांदा तेवढ्याच शांतपणे विचारले. आपल्यातल्या किती जणांनी गणित सोडले ते गणित अवघड म्हणून, आणि किती जणांनी त्या एका वाक्यामुळे, हे आपले आपण आठवावे.

असा उपयोग आपल्या शाळांत का होत नाही? गुरुजींना विचारा. त्यांच्या मोबाईलवर किती अॅप आहेत ते मोजायला सांगा. पोषण आहाराची रोजची माहिती, हजेरीची माहिती, युडायसची माहिती, सरलची माहिती, वरून आलेल्या लिंकवरची माहिती. शाळेतले तंत्रज्ञान बरेचसे शिकवण्यासाठी वापरले जात नाही, ते शाळेवर नजर ठेवण्यासाठी वापरले जाते. वारणेत संगणक ऊस मोजत होता, इथे तो तांदूळ आणि पट मोजतो. हजारो माध्यमिक शाळांत केंद्राच्या योजनेतून संगणक कक्ष उभे राहिले तेही खासगी कंपन्यांना ठेका देऊन, पाच वर्षांच्या करारावर. संगणक शिकवणारी पोरे कंत्राटी. करार संपला, पोरे घरी गेली, आझाद मैदानावर उपोषणाला बसली. यंत्रे धूळ खात राहिली. प्राथमिक शाळांची थकीत बिलापायी वीज तोडल्याच्या बातम्या तर दरवर्षीच्या. वीज नसलेल्या डिजिटल शाळेला काय म्हणायचे ते वाचकांनीच ठरवावे.

आणि जे मूल कुठल्याच पटावर नाही त्याचे काय? दिवाळीच्या सुमारास ऊसतोड टोळ्या कोल्हापूर जिल्ह्यात उतरतात, पुष्कळशा बीडकडून. बौद्ध, मातंग, वंजारी, बंजारा. फडाच्या कडेला खोप्या पडतात. मार्च-एप्रिलपर्यंत लेकरे आईबापांबरोबर फडातच. साखरशाळा निघाल्या, बंद पडल्या, अवनिसारख्या संस्था आपल्या परीने धडपडतात. कारखान्याचा वजनकाटा संगणकीकृत आहे. गाडीत किती टन, किती क्विंटल ऊस भरला याची छापील पावती दोन मिनिटांत हातात पडते. त्याच गाडीच्या उसावर बसून आलेल्या सात वर्षांच्या पोराची नोंद कोणत्या संगणकात आहे? गावाकडच्या शाळेत तो ‘सतत गैरहजर’. इथल्या शाळेत तो नाहीच. उसाचे एक टिपरू चुकू न देणारे तंत्रज्ञान आपल्याकडे आहे. पोर हरवू न देण्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही, तेच पुरेल. लावायची इच्छा पाहिजे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे हेच मांडले होते, की शेतकरी-कष्टकऱ्यांच्या करातून गोळा झालेला पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो आणि ज्याच्या घामाचा पैसा त्याच्या पोराला साधी प्राथमिक शाळा मिळत नाही.

आता थोडे आपल्या घरचे. सरकारला शिव्या घालणे सोपे असते. कोल्हापुरात बिंदू चौकात बाबासाहेबांचा आणि जोतिबांचा पुतळा उभा आहे. ९ डिसेंबर १९५० ला, बाबासाहेब हयात असताना, भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने तो उभा राहिला याचा आपल्याला अभिमान आहे. दरवर्षी १४ एप्रिलला आपण तिथे जमतो. आणि आपली तंत्रज्ञानाशी सर्वांत मोठी ओळख त्या दिवशी दिसते ती डॉल्बीच्या भिंतींतून. डॉल्बी हेही तंत्रज्ञानच आहे, बाबांनो, आणि बऱ्यापैकी महागडे. एका रात्रीच्या भाड्यात वस्तीतल्या समाजमंदिरात दोन जुने पण चांगले संगणक आणि इंटरनेटचे वर्षभराचे बिल सहज बसते. आमच्या मते आजच्या घडीला समाजमंदिराचा याहून चांगला उपयोग नाही. रात्री ७ ते ९ दोन संगणक, वीस पुस्तके, आणि बारावी झालेली वस्तीतली एखादी मुलगी देखरेखीला. मुलगीच, कारण ती बसली तर धाकट्या मुलींना घरचे पाठवतील. शिष्यवृत्तीचे अर्ज आता ऑनलाइन आहेत. ते भरायला पोरे तालुक्याला नेट कॅफेत पैसे मोजतात, चूक झाली की पुन्हा मोजतात. ते कामही तिथेच होईल.

पण समाजमंदिर काही झाले तरी शाळेची जागा घेणार नाही. वेगळ्या शाळा बंद करून एकत्र बसवण्याचा हुकूम याच गावच्या राजाने काढला होता. आपण पुन्हा आपली लेकरे वेगळी बसवायची नाहीत. शाळेतच जाऊन भांडायचे. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात ७५ टक्के पालक असले पाहिजेत, निम्म्या महिला असल्या पाहिजेत आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. आपल्या वस्तीतले कोण त्या समितीवर आहे हे वाचकांपैकी किती जणांना ठाऊक आहे? पुष्कळ ठिकाणी आपली एखादी बाई कागदावर सदस्य असते आणि प्रोसिडिंगवर सही घरपोच येते. ती सही थांबवा आणि त्या बाईला मीटिंगला बसवा.

तिने तिथे काय विचारायचे? शाळेत किती संगणक आहेत, किती चालू आहेत, खोलीची चावी कोणाकडे असते. बिल कोण भरते. आणि आठवड्यात कोणते मूल किती मिनिटे स्वतः माऊस हातात धरते. शेवटचा प्रश्न ऐकून मुख्याध्यापक हसतील. हसू द्या.

भुदरगड तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत हा प्रश्न कोणी विचारायच्या आधीच सुटलेला आम्ही पाहिला. चालू संगणक एकच. बाईंनी हजेरीपटावरून सगळ्या मुलांची नावे जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ती यादी संगणकाशेजारी लावली होती. रोज चार नावे, प्रत्येकाला दहा मिनिटे, त्या दहा मिनिटांत माऊसला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. येत नसले तरी नाही. झाले की नावापुढे मुलाने स्वतः पेन्सिलीने खूण करायची. आम्ही गेलो तेव्हा सातव्या नंबरच्या पोरीची पाळी होती. तिला रेघ ओढायची होती आणि ती सारखी वाकडी जात होती. शेजारचा एक मुलगा अस्वस्थ होऊन म्हणाला, “बाई, मी दाव का तिला?” बाई म्हणाल्या, “तुझा नंबर सोमवारी.”

ती यादी लिहायला बाईंना एक कॅलेंडर आणि एक पेन लागले. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला १५ टक्के निधी मागासवर्गीयांसाठी खर्च करायचा असतो. तो बहुतेक गावांत गटारी आणि पेव्हर ब्लॉकवर जातो. त्यातून शाळेला दुसरा संगणक आणि विजेचे बिल मागण्याचा ठराव पुढच्या ग्रामसभेत मांडता येतो. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा असतेच. जाताना एकटे जाऊ नका, दहा-बारा जण आणि बाया मिळून जा, आणि ठराव प्रोसिडिंग बुकात लिहून झाल्यावर तो मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.